कुत्र्याच्या मौतीनं : एका वाक्प्रचाराचा अभ्यास

जुलैमधल्या एका शनिवारी मराठी वाङ्मय मंडळाच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलांना वाक्प्रचार शिकवायची पाळी माझ्यावर आली होती. फळ्यावर दहा वाक्प्रचार लिहिले. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, असा शाळेतलाच प्रकार. सातवा होता 'कुत्र्याच्या मौतीनं मरणे'. खानापूरकडच्या एका मुलानं हात वर केला आणि वाक्य सांगितलं, "गुंड कुत्र्याच्या मौतीनं मेला." अर्थ विचारला तर म्हणाला, "लई वाईट मरण, अक्का. कोण विचारत नाही असं." उत्तर बरोबर होतं. मी 'छान' म्हटलं आणि आठव्याकडे वळले. तो आठवा कुठला होता, ते आता आठवत नाही. आदल्या संध्याकाळी मी आमच्या कुत्र्याच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन घरी आले होते.

शिकवणाऱ्यानं आधी आपलं एक वाक्य करून दाखवायचं असतं. सातव्याचं मी केलं नाही. हा लेख म्हणजे तो राहिलेला भाग. अभ्यासलेखाच्या सुरुवातीला व्याप्ती आणि मर्यादा लिहावी असं सर सांगतात. व्याप्ती एका वाक्प्रचाराएवढी. मर्यादा ही की लिहिताना तो कुत्रा माझ्या पायाशी झोपलेला आहे, आणि मध्येच उठून पाणी प्यायला जातो तेव्हा मी लिहायचं थांबवून तो किती पितो ते बघते.

आधी शब्द बघू. मराठीत कुत्र्याच्या वाट्याला आलेले वाक्प्रचार आठवून पाहा. कुत्र्यागत राबणं, कुत्र्याचं जिणं, हाल कुत्रा न खाणं, शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. एकही चांगला नाही. 'कुत्र्यासारखा इमानी' ही एवढी एक स्तुती, पण तीही माणसाला उद्देशून म्हटली की टोमणा होते. साहित्यातही आपण कुत्र्यांवर बहुधा हसतो. पु. लं.चं 'पाळीव प्राणी' ऐकून आमचं अख्खं घर हसतं, आणि त्या हसण्यात रोकीसुद्धा उगाचच शेपूट हलवत सामील होतो.

'मौत' हा शब्द अरबीतून आलेला. आपण घरच्या माणसाबद्दल तो वापरत नाही. मृत्यू म्हणतो, मरण म्हणतो, 'गेले' म्हणतो. गंमत अशी की त्याच अरबी धातूचा दुसरा शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहे : मयत. बेळगावात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच 'मयतीला जाऊन आलो' म्हणतात. मयत म्हटलं की माणसं जमतात, चहा होतो, कोणीतरी खुर्च्या आणतो. एकाच धातूतून माणसाला मयत मिळाली आणि कुत्र्याला मौत, आणि दोन्हींतला फरक फक्त जमलेल्या माणसांचा आहे.

म्हणजे या वाक्प्रचारात वाईट नेमकं काय आहे? वेदना म्हणावी तर माझ्या आजोबांनी कॅन्सरमध्ये शेवटचे दोन महिने फार सोसलं, तरी त्यांच्या मरणाला कोणी हा शब्द लावला नाही. खाटेभोवती घर भरलेलं होतं, फादर येऊन तेल लावून गेले होते, आज्जी रोझरी म्हणत होती. खानापूरच्या त्या मुलानं अर्थ नेमका पकडला होता. कोण विचारत नाही असं.

आता रोकी. तो आला तेव्हा मी सहावीत होते. पाऊस पडत होता, गटाराच्या कडेला हे तांबूस गावठी पिलू थरथरत बसलेलं, एक कान तेव्हापासूनच दुमडलेला. तारीख 16 ऑगस्ट, म्हणजे संत रोकचा सण. आज्जीचं माहेर गोव्याचं, तिला तो सण पाठ. चौदाव्या शतकातला हा संत प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडला आणि रानात जाऊन राहिला. तिथे एक कुत्रा रोज तोंडात भाकरी धरून त्याच्याकडे यायचा आणि त्याच्या जखमा चाटायचा, अशी कथा आहे. त्याच्या मूर्तीच्या पायाशी भाकरी घेतलेला कुत्रा असतो तो त्यामुळे. आज्जीनं पिलाचं नाव रोकी ठेवलं. गल्लीतल्या पोरांना वाटलं सिनेमातला रॉकी, आणि आम्हीही कधी दुरुस्त केलं नाही.

या मे महिन्यात त्याचं पाणी वाढलं. उन्हाळा आहे, असं मी म्हटलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तरी भांडं दिवसातून चारदा रिकामं व्हायचं. मग तो रात्री घरात लघवी करायला लागला. दहा वर्षांत कधी न केलेली गोष्ट. मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारलं. दोनदा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो पळाला नाही, मान खाली घालून उभा राहिला. पाणी जास्त पितोय म्हणून लघवी जास्त होतेय, असा माझा हिशेब होता. खरं उलटं होतं. बिघडलेल्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, शरीरातलं पाणी तसंच वाहून जातं, आणि ते भरून काढायला जनावर पीत राहतं. साहित्याच्या विद्यार्थिनीनं कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल करावी, याची लाज अजून वाटते.

डॉक्टर आमच्याशी मराठीत बोलतात, कंपाउंडरशी कानडीत, आणि कागदावर इंग्रजीत लिहितात. त्यांनी रिपोर्टवर एका आकड्याभोवती गोल केला. क्रिएटिनिन 4.6. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण दीडच्या आत असतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या पशुवैद्य मानतात, 2.9 ते 5 ही तिसरी, त्यापुढे चौथी. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा आकडा वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. तोपर्यंत उरलेला भाग सगळ्यांचं काम ओढत राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. कुत्र्यागत राबणं हा वाक्प्रचार मूत्रपिंडालाही लागू पडावा.

रोकीला लहानपणी दोनदा गोचीडताप झाला होता. तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, बिंबाणू कमी होतात, नाकातून रक्त येतं. वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिलं तर कुत्रा बहुधा वाचतो, आणि रोकी वाचला. पण हा आजार मूत्रपिंडाच्या गाळणीलाही इजा करू शकतो. त्यामुळेच हे झालं का, असं मी विचारलं. "असू शकेल. वयही आहे. आता ते शोधून काय करणार?" डॉक्टर म्हणाले. मी मात्र शोधत बसले. कुठल्या उन्हाळ्यात फवारणी चुकली, कुठल्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो आणि तो शेजाऱ्यांकडे राहिला, वगैरे.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या पेपरसाठी होमरचं 'ओडिसी' भाषांतरातून वाचत होते. सतराव्या सर्गात आर्गस नावाचा कुत्रा येतो. ओडिसियसनं त्याला पिलू असताना वाढवलं आणि तो ट्रॉयच्या युद्धाला गेला. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परत येतो तेव्हा आर्गस दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला आहे, अंगभर गोचिडी. होमर गोचिडी विसरलेला नाही, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. मालकाचा आवाज ऐकून आर्गस शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ जायची ताकद नाही. ओडिसियसला ओळख दाखवता येत नाही. दाखवली तर घरात बसलेले शत्रू त्याला मारतील. तो तोंड फिरवून डोळा पुसतो, सोबतच्या माणसाला कुत्र्याबद्दल काहीतरी वरवरचं विचारतो, आणि आत जातो. आर्गस मरतो.

हा प्रसंग स्वामिनिष्ठेचं उदाहरण म्हणून शिकवतात. मला दिसतो तो शेणाचा ढीग. मालक नसताना नोकरांनी त्या कुत्र्याकडे बघितलंच नाही, हे होमर स्पष्ट सांगतो. म्हणजे वाक्प्रचाराची व्याख्या तिथे शब्दशः मांडलेली आहे. आणि ज्याच्यासाठी तो वीस वर्षं थांबला, त्यानंही त्याला हात लावला नाही. लावता आला नाही, हे मान्य. पण आर्गसला हे कोण सांगणार?

कुत्र्यांच्या प्रसिद्ध गोष्टी बघितल्या तर बहुतेकांत परीक्षा कुत्र्याची असते. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर 1925 साली वारलेल्या मालकाची 1935 पर्यंत वाट बघणारा हाचिको. महाराजांच्या चितेत उडी घेतली अशी आख्यायिका असलेला रायगडावरचा वाघ्या. त्याच्या ऐतिहासिकतेवर वाद आहे, पण लोकांच्या मनातली गोष्ट तीच आहे. कुत्रा पास होतो, आपण पुतळा उभारतो. तोच कुत्रा म्हातारा झाला, आजारी पडला, घरात लघवी करायला लागला, तर माणसानं काय केलं, याची गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. पुतळाही होणार नाही.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती आपल्या सगळ्यांना माहीत असते म्हणूनच आपण ती नीट वाचत नाही. महाभारतातलं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात, हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्यांच्यासोबत आहे. वाटेत एकेक जण कोसळतो. युधिष्ठिर प्रत्येकाच्या पडण्याचं कारण सांगतो आणि पुढे चालतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मी येत नाही.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा भाग मला या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा दिसला. इंद्र अडचणीचा प्रश्न विचारतो. भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग कुत्र्याला का सोडवत नाही? युधिष्ठिराचं उत्तर भावनेनं ओथंबलेलं नाही, जवळजवळ वकिली आहे. ते मेले होते. मेलेल्यांशी मैत्रीही उरत नाही आणि वैरही नाही, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. पण हा कुत्रा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे. हा कुत्रा म्हणजे धर्म होता, हे नंतर कळतं. उत्तर देताना त्याला ते माहीत नव्हतं, आणि गोष्टीची सगळी किंमत त्या माहीत नसण्यातच आहे, असं माझं मत. धर्म आहे हे कळल्यावर कोणीही कुत्रा घेऊन उभा राहील.

आता आमच्या बायबलकडे येते. तोबितच्या पुस्तकात (हे कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलच्या मुख्य भागात नाही) तरुण तोबिया प्रवासाला निघतो, सोबत माणसाच्या रूपातला राफाएल देवदूत, आणि मागून एक कुत्रा. कुत्र्याला नाव नाही. तो कोणाला वाचवत नाही, भुंकत नाही, काहीही करत नाही. जाताना एकदा दिसतो, परत येताना एकदा. दोघेजण येतात ते आंधळ्या बापासाठी औषध घेऊन, आणि राफाएल या नावाचा अर्थच 'देव बरं करतो' असा आहे. अभ्यासकांनी या कुत्र्याचा उपयोग काय, यावर पुष्कळ डोकं चालवलंय. मला वाटतं, औषधाच्या प्रवासात त्याचं काम सोबत जाणं एवढंच आहे, आणि लेखकाला ते दोनदा नोंदवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं.

आमच्या घरी औषधाचा प्रवास असा झाला. तीन दिवस दवाखान्यात शिरेतून सलाईन, आकडा 3.4 वर आला. मग घरी एक दिवसाआड कातडीखालून सलाईन द्यायला डॉक्टरांनी मला शिकवलं. अडीचशे मिलिलीटर रिंगर लॅक्टेट. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर तो शहारतो. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी, आणि तंबूच्या दारातून सुई आत घालायची. पहिल्या दिवशी सुई एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली, सगळं पाणी त्याच्या केसांतून माझ्या मांडीवर. आता जमतं. पाठीवर मोसंबीएवढा फुगवटा येतो, तो हळूहळू एका पुढच्या पायाकडे उतरतो, सकाळपर्यंत जिरून जातो. बाटली आम्ही व्हरांड्यातल्या आकड्याला लावतो. दरवर्षी नाताळचा तारा लावतो तो आकडा.

खाण्याचं अवघड आहे. फॉस्फरस कमी हवा, म्हणजे हाडं बंद, दूध बंद, मटण नावाला. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांनी मळमळतं, तोंडात फोड येतात, भूक मरते. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी भाताचा गोळा घेऊन रोकीच्या मागे घरभर फिरते तेव्हा मम्मी म्हणते, "झाली बघा संतीण." फरक इतकाच की माझा कुत्रा भाकरी पळवत नाही. पळवली तर मी पेढे वाटीन. किंवा कुंदा, बेळगाव आहे म्हणून.

पैशाचं टाळून चालणार नाही. महिन्याला साडेतीन-चार हजार जातात. पप्पा बोलत नाहीत, आज्जी बोलते. "त्या पैशात एका पोराची फी भागली असती," ती म्हणाली. आज्जीनं हे सहज म्हटलेलं नाही, ती खरंच एका पोराची फी भरते. मी चिडून कॉलेजच्या लायब्ररीत कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ काढला, तिला उत्तर द्यायला. परिच्छेद 2418. जनावरांना विनाकारण दुःख देणं किंवा मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं त्यात आहे. मी खूश झाले. पुढचं वाचलं. माणसांचं दारिद्र्य दूर करण्यावर आधी खर्च व्हायला हवा तो पैसा जनावरांवर उधळणंही शोभत नाही, आणि जनावरावर प्रेम करावं, पण माणसालाच देणं असलेली माया त्याला देऊ नये, असंही त्याच परिच्छेदात आहे. आज्जीनं ग्रंथ न वाचता अर्धा परिच्छेद बरोबर सांगितला होता, आणि मी अर्धाच शोधत होते.

याचं उत्तर मला सापडलेलं नाही. एक गोष्ट मात्र आज्जीला वाचून दाखवली. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय. नाथान संदेष्टा दाविद राजाला एक दृष्टांत सांगतो : एका गरिबाची एकच कोकरी होती, ती त्याच्याच घासातलं खायची, त्याच्याच पेल्यातून प्यायची, त्याच्या कुशीत झोपायची, त्याला मुलीसारखी होती, एका श्रीमंतानं स्वतःची मेंढरं सोडून तीच कापली. दाविद संतापतो, आणि तिथेच स्वतःच्या गुन्ह्यात सापडतो. दृष्टांत माणसांबद्दल आहे, हे मला कळतं. पण जनावरावरची माया राजाला समजेल, इतकंच नव्हे तर त्याचं काळीज उघडेल, अशी नाथानची खात्री होती, आणि त्या गरिबाला कोणी उधळ्या म्हणत नाही. आज्जी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तो माणूस गरीब होता ना, म्हणून त्याला शोभतं." यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून ती सलाईनच्या वेळी त्याचं डोकं धरायला बसते.

तिनंच एकदा विचारलं, हा वर भेटणार काय? मी थॉमस अक्वायनस वाचला होता. त्याच्या मते जनावराचा आत्मा शरीराबरोबर संपतो. ते मी सांगितलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी'मध्ये लिहिलंय की अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक निर्मितीला उजळलेल्या रूपात तिची जागा असेल, ते सांगितलं. युधिष्ठिराचंही सांगितलं. तिला युधिष्ठिर जास्त पटला.

ऑक्टोबरच्या तपासणीत आकडा 5.3 आला. चौथी पायरी. डॉक्टरांनी प्रथमच तो विषय काढला, आणि इथे मी पुन्हा शब्दांकडे वळते. त्यांनी वापरलेला शब्द होता 'झोपवणं'. माणसासाठी आपण इच्छामरण म्हणतो, भीष्मापासून चालत आलेला शब्द. पण कुत्र्याची इच्छा कोण विचारणार, म्हणून तो इथे चालत नाही. वर्तमानपत्रं दयामरण म्हणतात. शब्द चांगला आहे, पण नाम आहे, आणि नामात कर्ता लपतो. दयामरण झालं. कोणी केलं ते सांगावं लागत नाही.

'झोपवणं' हे प्रयोजक क्रियापद आहे. मूल झोपतं, आई मुलाला झोपवते. कर्त्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. इंग्रजीतून आलेला गुळमुळीत शब्द म्हणून मी आधी त्याच्यावर चिडले होते. पण आपल्या ख्रिस्ती घरांत माणूस 'प्रभूमध्ये झोपी गेला' असं म्हणतातच, आणि आज्जी दफनभूमीला 'सिमितेर' म्हणते त्या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ झोपायची जागा असाच आहे. म्हणजे शब्द परका नाही. फक्त झोपी जाणं आणि झोपवणं यांच्यामधलं 'व' हे एक अक्षर माझ्या वाट्याला येणार आहे.

ते कसं करतात, हेही मी विचारून घेतलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, कुत्रा शांत होतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा जास्त डोस. काही मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. डोळे बहुधा उघडेच राहतात, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "बरेच लोक बाहेर थांबतात. बघवत नाही म्हणतात. मी कोणाला जबरदस्ती करत नाही. पण कुत्रं दाराकडे बघत राहतंय."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "मला आत नाही जमणार बाळा." दहा वर्षं रोज पहाटे त्याला कॅम्पातल्या रस्त्यांवर फिरवणारे पप्पा. मी त्यांना आर्गसचं सांगितलं नाही. माझं मात्र ठरलंय. मारलं तेव्हा तो पळून गेला नव्हता.

कधी, हा प्रश्न राहतो. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी त्यासाठी सात गोष्टींची मोजपट्टी केली आहे : वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, बेरीज पस्तिसाच्या वर असली तर चालू ठेवायला हरकत नाही. मी पहिल्यांदा गुण दिले तेव्हा 44 आले, मम्मीनं दिले तेव्हा 33. 'आनंद' या रकान्यावर आमचं भांडण झालं. मग आम्ही बेरीज सोडून दिली आणि फक्त सातवी गोष्ट ठेवली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे आज्जी दुधाचा हिशेब आणि सणांच्या खुणा करते, तिथेच रोज रात्री चांगल्या दिवसाला गोल, वाईटाला फुली. सलग आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांना फोन करायचा, असं चौघांनी मिळून ठरवलंय. कॅलेंडरच्या नावाचा अर्थ माझ्या लक्षात आला आहे. घरात मी तो कोणाला सांगितलेला नाही.

नोव्हेंबरच्या पानावर आजवर अकरा गोल आहेत आणि चार फुल्या. सोळाव्या चौकोनात सकाळीच फुली मारली होती, कारण त्यानं दोनदा उलटी केली आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही. रात्री जेवताना तो उठला, हळूहळू चालत आला आणि आज्जीच्या ताटातला चपातीचा तुकडा उचलून पलंगाखाली घेऊन गेला. आज्जी ओरडली नाही. त्या फुलीभोवतीच गोल काढलेला आहे.